दर सातवं घर

मे महिना. तांडापेठ. पारा सेहेचाळीसवर.
हातात क्लिपबोर्ड, आणि कोष्टकातून
डोळे मिटून उचललेला एक आकडा: चार.
म्हणजे चौथ्या घरापासून सुरुवात,
मग दर सातवं.
अकरावं. अठरावं. पंचविसावं.

निंबार्ते सर वर्गात म्हणाले होते,
"आपल्या मनाला आवडेल ते घर निवडता येऊ नये,
म्हणून तर हा सगळा खटाटोप."
कुलरच्या घरघरीत मी ते वहीत उतरवलं
आणि खाली लाल रेघ मारली,
परीक्षेला येणाऱ्या गोष्टींखाली मारतात तशी.

बत्तिसाव्या घराला कुलूप.
तेहेतिसाव्याच्या दारात एक बाई, हातात गडवा:
"ये नं वो, बस जराशी. काय लिहून राहिली एवढ्या उन्हात?"
आत वाळ्याचा गार वास, माठ,
आणि उत्तरं द्यायला तयार बसलेलं अख्खं घर.
मी पाणी प्यायले.
तिला काहीच विचारलं नाही.
"आमाले काऊन नाही विचारत?"
यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं.
व्याख्या होती.

घर बत्तीस, भेट पहिली, बंद.
दुसऱ्या दुपारी: भेट दुसरी, बंद.
"टाक नं तेहेतीस," होस्टेलवर निखत म्हणाली,
"कोणाला कळणार आहे?"
कोणालाच नाही. हे मलाही ठाऊक होतं.
पंख्याखाली ओली चादर अंगावर घेऊन
मी त्या कुलपाचा विचार करत पडले.

तिसऱ्यांदा गेले ती रात्री आठला.
दार उघडं. उंबऱ्यात पाय पसरून पार्बता निनावे.
वय? "लिही पन्नास. नाहीतर पंचावन्न लिही."
काम? कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडणे,
सकाळी सातपासून पत्र्याच्या शेडखाली.

प्रश्न चौदा:
गेल्या सात दिवसांत किती वेळा भोवळ आली?
"भोवळ म्हंजे?"
"चक्कर, मावशी."
"कोणती? उन्हाची का उपाशी पोटाची?
का ठसका बसून डोयापुढं अंधार येते ते?
तिले आमी घेरी म्हणतो."

माझ्यापाशी एकच चौकोन होता.

दोन दिवस मी घरोघरी भोवळ विचारत फिरले होते
आणि लोक भिडेखातर "नाही" म्हणाले होते.
त्यातून दुपारी घरी सापडली ती कोण,
तर ज्यांची दुपार छपराखाली जाते ती.
उन्हाचा पत्ता मी सावलीला विचारत होते.

संमतीपत्र मी वाचून दाखवलं,
एकही ओळ न गाळता.
"यानं मले काय भेटल?"
तिसऱ्या परिच्छेदात छापलं होतं तेच सांगितलं:
तुम्हाला थेट काही फायदा होणार नाही.
ती मोठ्यानं हसली.
"खरं बोलली तू. येते तो फायदाच सांगते."
आणि अंगठा पुढे केला.

सरांना गाठलं मेडिकलच्या बाहेर, ठेल्यावर.
पोह्यांवर तर्री ओतून घेत त्यांनी सगळं ऐकलं.
"मग ते फॉर्म पायलट समज.
शब्द बदल. वेळ बदल. पुन्हा जा."
"सगळ्या घरांना?"
"सगळ्या."
मग बराच वेळ ते नुसते खात राहिले.
"माझ्या प्रबंधात," शेवटी म्हणाले,
"मी शेजारचं घर घेतलं होतं."

आज रात्री पुन्हा एकदा तो फॉर्म काढला.
अंगठ्याच्या ठशाभोवती एक लालसर कड,
शाईपॅड तर निळं होतं.
त्यासाठी रकाना नाही.
आकडे भरता भरता नकळत बोट डोळ्याला लागलं
आणि डोळा असा झोंबला
की पडद्यावरचे सगळे रकाने एकमेकांत मिसळले.

नळाखाली धुतला. नळाचं पाणीही गरमच.
परत येऊन बसले.
घर एकोणचाळीस.